काटा, स्विच आणि माझं इंग्रजी

माझ्या नवऱ्याच्या साखर कारखान्याचा बंद पडलेला वजनकाटा मी एकाच दिवशी दोनदा सुरू करून दिला. (कारखाना नवऱ्याचा नव्हे, नवरा कारखान्याचा.) सुरू करून दिला एवढंच लोक सांगतात. दोनदा का करावा लागला, हे भिडेपोटी कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगते.

शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं, त्या काळातली ही गोष्ट. कुरुंद्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका. इंग्रजी कुणी घ्यायचं यावर शाळेत सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी जरा उशिरा खाली गेली, म्हणून विषय माझ्याकडे आला. मग हिंगोलीला प्रशिक्षण झालं, आणि तिथून मी परतले ती इंग्रजीची अधिकारी होऊनच! औषधाच्या दुकानाच्या पाटीत चूक, शेजारच्या लग्नपत्रिकेत चूक, बिस्किटाच्या पुड्यावर चूक. सुधाकर म्हणजे माझा नवरा, तो तर माझ्यासमोर इंग्रजीत शिंकायलासुद्धा भ्यायचा.

सुधाकर मुळात कमी बोलणारा माणूस. वसमतजवळच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळायचा. विभाग म्हणजे एक थंड खोली आणि तो. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि त्याची काळजी त्याच्या कपाळावर कायम होती. त्या खोलीत एक स्विच होता. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. चपटी लोखंडी पेटी, पुढे भोकांची रांग, प्रत्येक भोकात एक वायर. त्या वायरींमधून कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे. आणि त्या पेटीशी आपल्याला बोलायचं असेल, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकेक हुकूम लिहावा लागायचा. चित्रं नाहीत, खुणा नाहीत. आपण लिहायचं आणि तिने ऐकायचं. हे मला सुधाकरने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मला वाटलं, किती सोपी नोकरी!

ऐन गळीत हंगामात एका संध्याकाळी सुधाकर गालगुंड घेऊनच घरी आला.

मोठ्या माणसाला गालगुंड होणं हे हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. दोन्ही गाल सुजून जबडा उघडेना. बोलायला लागला की तोंडात लाडू धरल्यासारखे आवाज यायचे. वसमतच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलं, आणि माझ्या सासूबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. गालगुंड खाली उतरली तर काय होतं, त्याबद्दल होतं ते. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. आत्याबाई दवाखान्यातून आल्या त्या थेट खोलीच्या उंबऱ्यात पाट टाकून बसल्या. सुधाकरचा एक पाय खाटेखाली आला की ओरडायच्या, "वर घे! पाय वर घे! मला नातवाचं तोंड बघायचं हाय!"

आणि तशात दुसऱ्याच सकाळी फोन वाजला. काट्यावरचे गुलाबराव होते. काट्याचा कॉम्प्युटर ऑफिसशी बोलेना!

हे किती मोठं संकट, ते सांगायला हवं. उसाची गाडी काट्यावर चढली की वजनाचा आकडा वायरीतून ऑफिसात जायचा आणि तिथून पावती निघायची. पावती नाही तर गाडी पुढे गव्हाणीकडे, म्हणजे ऊस गाळायला टाकतात तिकडे, सुटायची नाही. पूर्वी पावत्या हाताने फाडायचे, पण नव्या एमडी साहेबांनी ते बंद केलं होतं. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रांग लागली होती. तोडलेला ऊस उन्हात वाळत होता, आणि वाळलेला ऊस वजनाला हलका भरतो हे शेतकऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

"साहेब म्हणून राहिलेत," गुलाबराव म्हणाले, "दुपारपर्यंत झालं न्हाई तर नांदेडची माणसं बोलवतो. मग कायमचं काम बी त्यायलाच देऊन टाकतो म्हणे."

मी ते सुधाकरला जसंच्या तसं सांगितलं. तो नुसता उठून उभा राहिला आणि शर्ट शोधायला लागला. शर्ट उलटा घातला, ते त्याला कळलंसुद्धा नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आत्याबाई उंबऱ्यात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "जायचं न्हाई! डॉक्टर काय बोलले ते मलाच माहीत हाय!"

"माय, नोकरी जाईल," सुधाकर म्हणाला. (ऐकू आलं ते "मा, नोहरी हाईल" असं.)

"नोकरी दुसरी भेटते. नातू कुठून भेटन?"

त्यावर माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. "मी जाते. इंग्रजीच लिहायचं आहे ना?"

सुधाकरने माझ्याकडे बघितलं. बुडणारा माणूस दोरीकडे बघतो तसं नव्हे. दोरी तुटकी आहे हे दिसत असून बघतो, तसं. पण दुसरा माणूस नव्हता. ऑफिसातल्या कुणाला पासवर्ड द्यायला तो तयार नव्हता. नेमकं काय बिघडलंय हे त्यालाही माहीत नव्हतं, म्हणून चिठ्ठी लिहून देता येईना. तेव्हा ठरलं असं की मी तिथून फोन करायचा, पडद्यावर जे दिसेल ते सांगायचं, आणि तो सांगेल ते लिहायचं.

"पासवर्ड काय आहे?" मी निघताना विचारलं.

"गप बस," तो म्हणाला.

"अहो, मी तुमच्यासाठी चालले आहे! नीट विचारलं तर..."

"गप बस!"

"ठीक आहे. बसते गप." मी पिशवी खाली ठेवली.

मग त्याने खूप हातवारे करून समजावलं, की पासवर्डच तो आहे. कुणीही विचारलं तरी खरंखुरं सांगता येतं आणि विचारणारा निघून जातो, म्हणून ठेवला होता म्हणे. कमी बोलणाऱ्या माणसांची डोकी अशीच चालतात.

जीपने कारखान्यावर पोचले. फाटकापासून पार रस्त्यावर लांबवर गाड्या उभ्या होत्या. मळीचा वास, बैलांच्या घंटा, आणि सगळीकडे एक चिडलेली शांतता. त्या रांगेत मला आमचे दादा दिसले. दादा म्हणजे माझे वडील. माहेर तिथून जवळच. थोडी ओलिताची जमीन, त्यात ऊस. गाडीच्या जुवावर हात ठेवून उभे होते.

"जयभीम, दादा. तुम्ही कधीपासून उभे?"

"पहाटपासून. तू काहून आली? जावईबापू कसे हायेत?"

मी सांगितलं, की काटा सुरू करायला आले. दादांनी मला अक्षरओळख नव्हती तेव्हापासून पाहिलेलं. त्यांचा माझ्यावर भलताच विश्वास! ते वळले आणि मागच्यापुढच्या गाडीवाल्यांना मोठ्याने म्हणाले, "सोडा चिंता! माझी लेक आली. इंग्रजीची मास्तरीण हाय. आता होते बराबर चालू!"

लोकांनी वाट दिली. मी पदर सारखा करून त्या वाटेने आत गेले. असं चालायला आयुष्यात फार कमी वेळा मिळतं.

थंड खोलीत गुलाबराव हात जोडून उभे होते. त्यांनी कॉम्प्युटर लावून काळा पडदा उघडून दिला. मी घरी फोन लावला. आमच्या फोनची वायर आखूड. खाटेपर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे फोनवर आल्या आत्याबाई. सुधाकर आतून सांगणार, त्या ऐकून मला सांगणार. मी सांगणार ते त्या ओरडून त्याला सांगणार. मध्ये गालगुंड.

"तो म्हणतो इनेबल लिही."

लिहिलं. पेटीने पासवर्ड मागितला. मी टाइप करायला लागले, तर पडद्यावर काहीच उमटेना! एक अक्षर नाही, ठिपका नाही.

"आत्याबाई, बटणं चालत नाहीत!"

थोडा वेळ आतला गोंधळ ऐकू आला. "तो म्हणतो दिसत न्हाई, दिसणार बी न्हाई. तसंच लिही."

न दिसणारं लिहायचं! मुलांना मी म्हणते, अक्षर ठळक काढा. बरं, लिहिलं. पेटीने नाकारलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा नाकारलं.

"त्यांना विचारा, बसचं स्पेलिंग काय? एसटीच्या बसचं आहे का?"

आत्याबाई आत ओरडल्या, "अरे, ती विचारून राहिली एसटीच्या बसनं येऊ का!"

आतून एक लांब आवाज आला. मारक्या म्हशीचा असतो तसा.

"तो म्हणतो येऊ नको."

शेवटी मीच यू काढून ए घातला, आणि पेटी उघडली. पहिली लढाई मी जिंकले, अशी त्या वेळी माझी समजूत झाली. सुधाकरने सांगितलं तसं सगळ्या भोकांची स्थिती मागवली. भराभर ओळी आल्या. सगळ्या भोकांपुढे जोडलेलं किंवा मोकळं असं लिहिलेलं. फक्त सोळाव्यापुढे 'डिसेबल्ड'. मी ते सांगितलं. आदल्या संध्याकाळी काट्याचं काम थांबल्यावर उंदराने कुरतडलेली वायर बदलताना सुधाकरनेच काट्याचं भोक हुकूम देऊन बंद केलं होतं, नीट जतनही केलं होतं, आणि ताप चढल्यावर उघडायचं विसरून घरी आला होता.

"तो कपाळावर हात मारून राहिला," आत्याबाई म्हणाल्या. "गालाला लागन रे! हळू मार!"

आता नुसतं उघडायचं होतं. दोन मिनिटांचं काम. पण पुढचा हुकूम आत्याबाईंनी असा सांगितला: "कानफटी."

"कुणाच्या?"

"ते न्हाई सांगितलं. नुसतं कानफटी म्हणतो."

तो 'कॉन्फ टी' होता. कॉन्फिगर टर्मिनलचं अर्धवट रूप. हे कळल्यावर मी स्पष्ट सांगितलं, की असं तोडकं इंग्रजी मी लिहिणार नाही. लिहायचं तर पूर्ण आणि सभ्य लिहीन. मी लिहिलं, 'प्लीज कॉन्फिगर द टर्मिनल.' शेवटी पूर्णविरामसुद्धा दिला. पेटीने माझ्या ओळीखाली एक लहानसं टोकदार चिन्ह काढून दाखवलं. ते चिन्ह मी ओळखलं. वह्या तपासताना मुलांचा शब्द सुटला की मी तिथे तसंच काकपद टाकते. म्हणजे माझा एखादा शब्द सुटला होता! मी 'व्हेरी काइंडली' घातलं. पुन्हा काकपद.

गुलाबराव मागून हळूच म्हणाले, "वहिनी, ते चूक हाय म्हणून दाखवून राहिलंय वाटतं."

वीस वर्षं विद्यार्थिनी आणि पुढे शिक्षिका, पण माझी वही इतक्या निर्विकारपणे कुणी तपासली नव्हती. मी 'कॉन्फ टी' लिहिलं. पेटी लगेच आत घेऊन गेली. हसलीसुद्धा नाही.

मग भोकाचा नंबर सांगायचा होता. सुधाकरने आतून 'सिक्स्टीन' म्हटलं. सुजलेल्या जबड्यातून शेवटचा तुकडा बाहेरच आला नाही. आत्याबाईंनी प्रामाणिकपणे 'शिक्स' सांगितलं. मी सहा लिहिलं आणि थांबले.

"लिहिलं. आता?"

"तो म्हणतो, शटडाऊन नको."

"बरं. नाही करत."

आम्ही थांबलो. मी इकडे, ते तिकडे. गुलाबराव खिडकीतून रांगेकडे बघत होते.

"केलं का विचारतो."

"काय?"

"शटडाऊन."

"नाही केलं."

"अरे, न्हाई केलं म्हणते! ... शालू, तो चिडून राहिला. म्हणतो काहून न्हाई केलं?"

"नको म्हणाले ना!"

"नको म्हणतोच की तो!"

आता मला कळतं, की 'नो शटडाऊन' हा अख्खा हुकूमच असतो. बंद करण्याचा हुकूम 'शटडाऊन', आणि त्याच्याआधी नो लावला की उघडण्याचा. या पेटीला सुरू कर असा सरळ शब्दच नाही. बंद असू नकोस, एवढंच तिला म्हणता येतं. पण त्या वेळी हे ना मला माहीत, ना आत्याबाईंना. सुधाकरने शेवटचा प्रयत्न केला, तो आमच्यापर्यंत असा पोचला: "तो म्हणतो शटडाऊन लिही. त्याच्याआधी नको."

मी विचार केला. आधी नको म्हणत होते, आता लिही म्हणतात. माणूस आजारी आहे, मत बदलू शकतं. मी ठसठशीत 'शटडाऊन' लिहिलं आणि एंटर दाबलं.

काट्यावर काही झालं नाही. पण आतल्या बाजूला दार जोरात उघडल्याचा आवाज आला. सहावं भोक एमडी साहेबांच्या केबिनचं होतं!

साहेब खोलीत आले. चष्मा हातात, चेहरा लाल. "माझा कॉम्प्युटर कुणी बंद केला? आणि तुम्ही कोण?"

"मी सौ. सुधाकर," मी उभी राहिले. (माझं नाव शालिनी आहे. ते त्या वेळी आठवलं नाही.)

"तुम्ही इथे काय करताय? बाजूला व्हा. गुलाबराव, बसा इथं. हे मशीन काही कुणाच्या घरचं नाही. मॅडम, पासवर्ड काय आहे?"

मी फोनकडे बघितलं. गुलाबरावांकडे बघितलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

"गप बस, साहेब," मी म्हणाले.

खोलीतल्या एसीचा आवाज मोठा झाला. गुलाबराव छताकडे बघायला लागले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घातला, मला नीट पाहून घेतलं, काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तो पासवर्डच आहे, साहेब," मी घाईने म्हणाले. "जी ए पी, बी ए एस. एसटीची बस नव्हे."

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि पाठमोरेच म्हणाले, "बाहेर बघा, मॅडम. ती माणसं पहाटेपासून उभी आहेत. मला दुपारी त्यांना काहीतरी सांगावं लागणार आहे. सुधाकरचं काय करायचं ते मी तेव्हाच ठरवीन."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. फोन उचलून मी आत्याबाईंना इंग्रजी, गालगुंड, काही न सांगता एवढंच म्हणाले, "आत्याबाई, त्यांना फोनवर येऊ द्या. नाहीतर आज नोकरी गेली."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला, खाट कुरकुरली, आणि फोनवर सुधाकरचा श्वास ऐकू आला. दुखत असणार, खूप दुखत असणार; पण एकेक अक्षर वेगळं करून तो सांगत गेला. एन. ओ. मग जागा सोड. मग शटडाऊन. मी मास्तरीण असल्याचं विसरून मुलीसारखं लिहीत गेले. आधी सहावं. साहेबांच्या केबिनमधून शिपायाने ओरडून सांगितलं, "लागलं, साहेब!" मग सोळावं. थोडा वेळ काही नाही. आणि मग ऑफिसातला प्रिंटर किरकिरला. पहिली पावती!

बाहेर शिट्ट्या वाजल्या. गुलाबराव काट्याकडे पळत सुटले. साहेबांनी मान हलवली आणि ते बाहेर गेले.

"झालं!" मी फोनवर म्हणाले.

"राइट," सुधाकर म्हणाला.

"हो ना! अगदी राइट!"

"राइट... राइट ह..."

"हो हो, कळलं, सगळं राइट झालं. आता पडा तुम्ही!"

तेवढ्यात आत्याबाईंनी त्याच्या हातातून फोन ओढला. "बस झालं रे! चल खाटेवर!" आणि फोन बंद झाला.

'राइट' हाही हुकूमच होता. बरोबर या अर्थाचा नव्हे, लिही या अर्थाचा. केलेला बदल पेटीने कायमचा लिहून ठेवावा, म्हणून द्यायचा. नाहीतर वीज गेली की पेटी सगळं विसरते आणि आधीचं जतन केलेलं तेवढं आठवते. पण मला वाटलं, नवऱ्याने लग्नानंतर पहिल्यांदा माझं इंग्रजी बरोबर आहे असं म्हटलं! त्या आनंदात मी टेबल आवरलं, खुर्ची आत सारली, आणि घरातून निघताना जसं करते तसं, भिंतीवरची सगळी बटणं एकेक करून बंद केली. जिथे जाऊ तिथे वीज वाचवावी.

बाहेर आले तेव्हा रांग सरकत होती. दादांची गाडी काट्याच्या अगदी जवळ आली होती. दादांनी लांबूनच हात वर केला. शेजारचे गाडीवाले माझ्याकडे बघून माना हलवत होते. मी काट्यापाशी पोचते न पोचते तोच गुलाबरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वहिनी... गेलं पुन्हा."

काट्यावर चढलेली गाडी तिथेच अडकली. मागून कुणीतरी चिडून म्हणालं, "बाईमाणसाच्या हाती दिल्यावर काय होईन!" दुसरा म्हणाला, "यायच्या घरच्या कामात आमचा ऊस वाळून चालला." कुणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं. मी दादांकडे बघायचं टाळलं.

दादांनी जू खाली ठेवलं, बैल मोकळे केले, त्यांच्यापुढे उसाच्या हिरव्या वाढ्याची पेंढी टाकली आणि गाडीच्या सावलीत बसले. मग मला म्हणाले, "जा. घाई करू नको. बैलायला बी जरा बसू दे." आणि त्या मागच्या माणसाला म्हणाले, "ये भाऊ, बस. तंबाखू काढ."

मी पळत परत गेले. बटणं लावली. घरी फोन लावला तर तो सारखा गुंतलेला! (आत्याबाईंनी रिसीव्हर गडबडीत तिरका ठेवला होता. ते संध्याकाळी कळलं.) आता ना सुधाकर, ना आत्याबाई. मी, ती पेटी आणि लुकलुकणारी एक उभी रेघ. गप बस लिहून आत गेले. कॉन्फ टी. सोळा. नो शटडाऊन. प्रत्येक अक्षर तीनदा बघून. प्रिंटर किरकिरला. पण हात आता बटणाकडे जाईना. तो 'राइट' डोक्यात घोळत होता. दुखऱ्या जबड्याने माणूस एकच शब्द दोनदा का म्हणेल? माझं कौतुक करायला? इतकं काही माझं नशीब थोर नाही.

काय करावं सुचेना. 'एक्झिट' लिहून त्या 'कॉन्फ टी'मधून बाहेर आले आणि काही कळत नाही हे सांगायला मी नुसतं एक प्रश्नचिन्ह टाइप केलं. आणि काय सांगू! पेटीने तिला कळणारे सगळे हुकूम, अर्थासकट, एकाखाली एक लिहून दिले! सकाळपासून ती सांगायला तयार होती. मी विचारलं नव्हतं. यादीत खाली खाली शोधत गेले, तर होता: राइट. बदल जतन करण्यासाठी.

मी तो लिहिला. पेटीने 'ओके' म्हटलं. खात्री करायची म्हणून, बाहेर पावती निघून गेल्यावर, मी श्वास रोखून बटण बंद केलं आणि पुन्हा लावलं. (गुलाबरावांनी तेवढ्यात काट्यावर काय शब्द वापरले, ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.) पेटी जागी झाली, दिवे लागले, आणि प्रिंटर आपोआप बोलला.

दादांची गाडी काट्यावर चढली तेव्हा मी खिडकीत उभी होते. पावती घेऊन त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, टोपीत ठेवली आणि बैलांना हाक दिली. माझ्याकडे बघितलंही नाही. रागाने नव्हे. सगळ्या रांगेसमोर डोळे पुसावे लागू नयेत म्हणून. हे मला आईने नंतर सांगितलं.

नांदेडची माणसं आली नाहीत. सुधाकर महिनाभरात हिंडू-फिरू लागला, आणि हंगाम संपायच्या आत त्याची नोकरी कायम झाली. ऑर्डर देताना साहेबांनी त्याला एवढंच सांगितलं, की मॅडमना आमचा नमस्कार सांगा, आणि घरीच राहू द्या.

पण बातमी कुरुंद्याकडे माझ्याआधी पोचली होती, तीही फक्त चांगली अर्धी. "आपल्या बाईंनी अख्खा कारखाना चालू केला!" मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी माझा सत्कार केला, आणि शाळेला नुकताच मिळालेला कॉम्प्युटर खोक्यासकट माझ्या ताब्यात दिला. मी संगणक प्रमुख झाले! ते पद मी पुढची कित्येक वर्षं सांभाळलं आणि माझ्या हातून एकही चूक झाली नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी तसा शेरासुद्धा दिला. शाळेत तोवर वीज आलेली नव्हती.